नाणेघाट : मुरबाडच्या पायथ्याकडून

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेला शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांना सह्याद्रीची सलग भिंत लागते. या भिंतीला मोजक्याच जागी खिंडी आहेत आणि कोकण व देश यांचा व्यापार, लष्कर, तीर्थयात्रा, लग्नसंबंध सारे काही शतकानुशतके त्या खिंडींतूनच गेले. शहापूरच्या उत्तर टोकाला कसाऱ्याचा थळघाट आहे, तर मुरबाडच्या पूर्वेला माळशेज आणि त्याच्या दक्षिणेला नाणेघाट. आज गाडीवाटेने जाणाऱ्याला पहिले दोन ठाऊक असतात. मात्र या तिघांत ज्याचा लिखित इतिहास सर्वांत जुना, तो नाणेघाट केवळ पायी चढता येतो.

नाणेघाटाविषयी लिहिले जाते ते बहुधा जुन्नरच्या बाजूने, कारण घाटमाथा आणि लेणे तिकडे आहे. पण घाट कशासाठी खोदला हे कळते ते खालून चढल्यावरच. कल्याणहून निघालेली वाट मुरबाड, सरळगाव, टोकावडे ही गावे घेत वैशाखरे गावी येते. कल्याणपासून हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. उल्हास आणि काळू या नद्यांच्या खोऱ्यांमुळे हा सारा टापू सखल आहे. लादलेला बैल येथपर्यंत फारसा न थकता येऊ शकतो. खरी परीक्षा पुढे असते. वैशाखऱ्याच्या पुढे जंगल सुरू होते, वाट चढू लागते आणि समोर कड्याच्या माथ्यावर एक सुळक्यासारखा उंचवटा दिसतो. त्याला नानाचा अंगठा म्हणतात. तो मुरबाडच्या मैदानातून दुरून ओळखू येतो आणि खिंड त्याला लागूनच आहे. समुद्रावर दीपस्तंभ जे काम करतो, तेच काम उघड्या हवेच्या दिवसांत हा अंगठा कोकणातून येणाऱ्या तांड्यांसाठी करत असे.

या वाटेचे दुसरे टोक समुद्रावर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. लेखकाचे नाव मात्र उरलेले नाही. भडोचच्या उथळ आणि धोक्याच्या मुखापाशी राजाच्या नोकरीतले कोळी नावा घेऊन समोर जातात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत आत आणतात, असे तो सांगतो. सोपाऱ्यानंतर तो कल्याणचे नाव घेतो. थोरल्या सारगन राजाच्या काळी कल्याण ही रीतसर परवानगीची बाजारपेठ होती. पुढे ती संदनाच्या हाती गेल्यावर तेथे व्यापाराला अडथळे आले आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जाऊ लागली, असे त्याने नोंदवले आहे. सारगन म्हणजे सातवाहन राजा सातकर्णी, हे अभ्यासकांनी साधारणपणे मान्य केले आहे. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्या झगड्यात बंदराचे नशीब कसे पालटत असे, ते या दोन-तीन वाक्यांत दिसते. कल्याण बंद पडले की नाणेघाटातली परदेशी मालाची वर्दळही ओसरत असणार, कारण तो माल घाट चढे तो बंदरामुळेच.

त्याच ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या देशावरच्या पेठांचे वर्णन आहे. पैठणहून मौल्यवान रंगीत दगड आणि तगरहून कापड बिकट वाटांनी गाड्यांवर लादून समुद्राकडे जात असे. पैठणहून कल्याणला यायचे तर जुन्नर आणि नाणेघाट हा जवळचा मार्ग होता. घाटात मात्र गाडी चालत नाही; तेथे माल बैलाच्या, गाढवाच्या किंवा माणसाच्या पाठीवर चढतो आणि उतरतो. देशावरून खाली धान्य आणि कापड आले, तर कोकणातून वर मीठ, सुकी मासळी, नारळ आणि समुद्रापलीकडून आलेला माल गेला. यांत मीठ सर्वांत महत्त्वाचे मानायला हवे. रंगीत दगड आणि परदेशी मद्य ही श्रीमंतांची गरज होती; मीठ प्रत्येक घराला आणि प्रत्येक गुराला लागे. परदेशी व्यापार बुडाल्यावरही ही वाट शेकडो वर्षे चालू राहिली, त्याचे एक मोठे कारण देशाला लागणारे मीठच होय.

चढाच्या वरच्या टप्प्यात वाट एका अरुंद खिंडीत शिरते. दोन्ही बाजूंना उभा कातळ, पायाखाली फरसबंदी केल्यासारखे दगड आणि कोरलेल्या पायऱ्या. जागोजागी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि घाटाच्या रचनेतले खरे शहाणपण त्यांत आहे. सह्याद्रीच्या या भागात पावसाळ्यात पाणी धो धो कोसळते, पण बेसाल्टच्या उतारावर ते टिकत नाही. फाल्गुन-चैत्रात ओढे आटतात. व्यापाराचा हंगाम मात्र नेमका पावसाळा सरल्यावरचा. समुद्र तेव्हा शांत असतो, वाटा कोरड्या असतात आणि पीक हाती आलेले असते. पाण्याची सोय नसती तर लादलेल्या जनावरांचा तांडा हा चढ चढूच शकला नसता. टाके खोदणे हे म्हणूनच त्या काळी मोठे पुण्यकर्म आणि मोठी सार्वजनिक कामगिरीही होती.

जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेख याची साक्ष देतात. जुन्नरच्या सभोवारच्या डोंगरांत बौद्ध लेण्यांचे मोठे समूह आहेत; शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री ही त्यांतली मुख्य ठिकाणे. तेथे दाते म्हणून राजे फारसे येत नाहीत. येतात ते कारागीर, व्यापारी आणि परदेशी. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, एक सातगर्भ लेणे आणि एक टाके दिले. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली. कल्याणच्या एका सोनाराच्या मुलानेही टाके दान केल्याचा लेख आहे. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचेही उल्लेख तेथे सापडतात. कल्याणच्या सोनाराच्या घरातले नाव जुन्नरच्या डोंगरात कोरले जाते, त्या नावाने तेथवर केलेला प्रवास बहुधा मुरबाडवरूनच झालेला होता. घाटाचे जिवंतपण सांगणारा याहून चांगला पुरावा शोधावा लागत नाही.

खिंड संपण्याच्या सुमारास वाटेलगतच्या कातळात लेणे आहे. ते विहार नाही आणि चैत्यही नाही. आत एक मोठी खोली, तीन भिंती आणि बसण्याचे दगडी ओटे एवढेच. प्रवासी येथे थांबत असणार. पण हे लेणे धर्मशाळेपुरते नव्हते, कारण मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. त्या आता जवळजवळ पूर्ण नष्ट झाल्या असून काही पावलांच्या खुणा आणि डोक्यावरच्या बाजूची नावे उरली आहेत. घराण्याचा संस्थापक सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्रीसातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन अशी ती नावे आहेत. राजघराण्याच्या नावानिशी मूर्ती मांडणारे दालन म्हणून भारतात हे अतिशय जुने उदाहरण आहे, आणि ते राजधानीत नसून एका घाटात आहे, यातच त्याचा अर्थ सामावलेला आहे. जो जो कोकणातून वर येईल त्याने प्रथम आपल्या राजाचे कुटुंब पाहावे, अशी ही योजना दिसते.

बाजूच्या दोन भिंतींवर लांब कोरीव लेख आहे. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. आरंभी प्रजापती, धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य तसेच यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना वंदन आहे. संकर्षण-वासुदेवांचा हा उल्लेख दख्खनमधील अत्यंत जुन्या उल्लेखांपैकी एक असल्यामुळे धर्माच्या इतिहासातही या लेखाला जागा आहे. पुढे दक्षिणापथपती अशी पदवी धारण करणाऱ्या राजाचा निर्देश येतो, आणि त्याच्या राणीने पतीबरोबर केलेले यज्ञ क्रमाने येतात: अग्न्याधेय, अश्वमेध, राजसूय, गवामयन आणि आणखी किती तरी. लेखाचे भाग फुटलेले असल्याने काही नावे गेली आहेत. मूर्तींवरची नावे आणि लेखातील नात्यांचे उल्लेख जुळवून तो नागनिकेचा, म्हणजे मूर्तीवर नायनिका असे नाव असलेल्या पहिल्या सातकर्णीच्या राणीचा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ती महारठीची कन्या होती, वेदिसिरी आणि सतिसिरी या पुत्रांची आई होती आणि पतीनंतर व्रतस्थ राहिली, असे त्यातून कळते. लेखाचा काळ बहुतेकांच्या मते इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला आहे. काही जण तो इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात नेतात.

यज्ञांबरोबर दक्षिणेची यादी आहे. गायी, घोडे, हत्ती, गावे, वस्त्रे आणि कार्षापण नावाची नाणी. एका ठिकाणी १,७०० गायी येतात, तर दुसऱ्या ठिकाणी २४,४०० कार्षापण. एका राजघराण्याला एवढे दान देता यावे, याला शेतसाऱ्याबरोबर व्यापाराचा आधार असणार. आणि त्या व्यापाराच्या वाटेवरच ही यादी कोरलेली आहे. प्रवाशाला वाचता आली वा न आली, तरी राजाच्या कुवतीची ती जाहीर नोंद होती.

गणिताच्या इतिहासाला या यादीने वेगळीच देणगी दिली. दानाच्या संख्या येथे अक्षरांत न लिहिता अंकचिन्हांनी लिहिल्या आहेत. एक, दोन, चार, सहा, सात आणि नऊ यांची चिन्हे या लेखात आहेत. दहा, वीस, ऐंशी यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, तशीच शंभर आणि हजार यांनाही. शून्य नाही आणि अंकाच्या जागेवरून किंमत ठरवण्याची पद्धतही नाही. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडायचे. चार हजारांसाठी हजाराच्या चिन्हाला तेच चाराचे चिन्ह जोडायचे. त्यामुळे २४,४०० ही संख्या वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा तीन चिन्हांत बसते. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या अंकांच्या वंशावळीत या ब्राह्मी अंकांचे स्थान पक्के आहे, आणि त्यांचा एवढा जुना व एवढा भरघोस संग्रह फार थोड्या ठिकाणी मिळतो.

हा ठेवा आधुनिक जगाच्या नजरेस आणला तो विल्यम हेन्री साइक्स याने. मुंबई सरकारने दख्खनची पाहणी करण्यासाठी नेमलेला हा लष्करी अधिकारी १८२८ च्या सुमारास येथे आला आणि त्याने लेखाची नक्कल करून घेतली. पण तेव्हा ब्राह्मी लिपी कोणालाच वाचता येत नव्हती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली आणि मगच नाणेघाटातील अक्षरांना अर्थ आला. खरे काम पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी केले. जुनागढचे हे विद्वान मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी लेखांचे ठसे घेत डोंगरोडोंगरी हिंडले होते. १८७०च्या दशकात त्यांनी नाणेघाटातील अंकांवर आणि लेखावर लिहिले. १८८३ मध्ये गेऑर्ग ब्यूलर याने पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीच्या ग्रंथमालेत तो संपादून छापला. वा. वि. मिराशी यांनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांच्या लेखांवर मराठीत केलेल्या कामामुळे तो मराठी वाचकाच्या हाती आला. फुटक्या ओळी जुळवणाऱ्या या लोकांच्या कष्टांशिवाय नागनिका हे नाव कोणाला ठाऊक झाले नसते.

लेण्याच्या वरच्या अंगाला, घाटमाथ्यावर, एक मोठा दगडी रांजण आहे. परंपरा त्याला जकातीचा रांजण म्हणते. वाटेने जाणाऱ्याने आपली जकात त्यात टाकायची, अशी ती सांगते. त्यावर कोणताही लेख नाही. अशा अरुंद खिंडीच्या तोंडाशी जकात घेणे सर्वांत सोपे, हे मात्र स्वाभाविक आहे. एक जनावर कसेबसे जाईल एवढ्या वाटेत कोणी चुकवून जाऊ शकत नाही. पाणी, पायऱ्या, पहारा आणि निवारा हे जे प्रवाशाला मिळे, त्याचा मोबदला म्हणजे जकात. घाटात पहारा नसेल तर लूट ठरलेली.

घाटाचा पहारा पुढच्या काळात किल्ल्यांकडे आला. माथ्यालगतचा जीवधन थेट खिंडीवर नजर ठेवतो. चावंड, हडसर आणि शिवनेरी पुढची वाट सांभाळतात. शहापूरकडचा माहुली हेच काम थळघाटाच्या मार्गासाठी करतो. जीवधन आणि माहुली या दोन किल्ल्यांना निजामशाहीच्या अखेरच्या धडपडीने एकत्र बांधले. दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी जीवधनावर कैदेत असलेल्या मुर्तझा या बालकाला बाहेर काढले, पेमगिरीवर त्याला निजामशहा म्हणून गादीवर बसवले आणि त्याच्या नावे कारभार चालवला. मोगल आणि आदिलशाही एक झाल्यावर १६३६ मध्ये शहाजीराजांना माहुलीवर वेढा पडला. त्यांना किल्ला आणि बालराजा दोन्ही सोडावे लागले आणि निजामशाही संपली. एका राज्याचा शेवट शहापूरच्या डोंगरावर झाला, ही गोष्ट शालेय पुस्तकांत दोन ओळींत उरकली जाते. तिला याहून जास्त जागा मिळायला हवी. पुढे १६६५ च्या पुरंदर तहात शिवाजी महाराजांनी माहुली मोगलांना दिला आणि १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो पुन्हा जिंकला.

किल्ल्यांवरचे धनी बदलले, तरी वाटांवर राहणारी माणसे तीच होती. या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी यांची वस्ती आहे. घाटांची राखण करणे हे कोळी नाईकांचे पिढीजात काम होते आणि त्याबद्दल त्यांना हक्क व वतने मिळत. इंग्रजी अंमल आल्यावर हे हक्क कमी झाले, सावकारीचा जाच वाढला आणि डोंगरात उठाव झाले. त्यांतल्या राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. घाटाच्या इतिहासात राजांची नावे कातळावर आहेत; राखणदारांची नावे फार थोडी उरली आहेत.

नाणेघाटाचे महत्त्व एका झटक्यात गेले नाही. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याने खंडाळ्याच्या बोरघाटातून गाडीरस्ता खुला केला आणि पुण्याकडचा माल तिकडे वळू लागला. १८३८ मध्ये मुंबई इलाख्यातील वाटांवरची अंतर्गत जकात रद्द झाली. त्यानंतर लोहमार्ग आला. कल्याणहून वासिंदला गाडी १८५५ मध्ये पोहोचली, आसनगावला १८६० मध्ये आणि कसाऱ्याला १ जानेवारी १८६१ रोजी. कसारा ते इगतपुरी हा थळघाटाचा टप्पा १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. ३७ फुटांत एक फूट असा त्याचा चढ आहे आणि तो बोगदे व पूल बांधून साधला गेला. शेकडो बैलांवर जेवढे मीठ घाट चढे, तेवढे एक मालगाडी काही तासांत इगतपुरीला पोहोचवू लागली. शहापूर तालुका त्यामुळे लोहमार्गाचा झाला. मुरबाड तालुक्याला आजही रेल्वे नाही. नाणेघाट पाठीवर ओझे नेणाऱ्यांपुरता उरला. स्थानिक लोक बाजारासाठी, सोयरिकीसाठी तो चढत-उतरत राहिले. माळशेज घाटातून मोटाररस्ता झाल्यावर कल्याण-अहमदनगर वाहतूक तिकडून सुरू झाली आणि नाणेघाटाची व्यवहारातली गरज जवळजवळ संपली.

आता तेथे लोक जातात ते पाहण्यासाठी. ठाणे, कल्याण, डोंबिवलीची मित्रमंडळी सकाळची एसटी किंवा भाड्याची जीप धरून वैशाखऱ्याच्या पुढे उतरतात, सुमारे तीन तासांत चढतात आणि संध्याकाळी खाली येतात. पावसाळ्यात कड्यावरून खाली पडणारे पाणी खालून येणाऱ्या जोरदार वाऱ्याने पुन्हा वर उडते. हे उलटे धबधबे पाहायला श्रावणात माणसांची रीघ लागते. त्या दिवसांत धुक्यामुळे नानाचा अंगठा दिसत नाही, पायऱ्या निसरड्या होतात आणि लेण्यात गर्दी असते. कोरीव लेख नीट पाहायचा असेल तर पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीनंतर जावे. जुने तांडे ज्या हंगामात चढत, तोच हा हंगाम. कोवळे ऊन तिरके पडले असेल तर अक्षरांच्या कडा उठून दिसतात. तेव्हा डावी भिंत, उजवी भिंत आणि मग मागची नावे, या क्रमाने पाहिले की लेखाची रचना लक्षात येते. खालच्या टाक्यांपाशी थांबून जावे, कारण दिवाळीनंतर चढताना त्या पाण्याची किंमत कळते. नाणेघाटातील लेणे आणि लेख भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत आहेत. भिंतींना हात न लावणे, अक्षरांत खडू वा पाणी न भरणे एवढे पथ्य प्रत्येकाने पाळायला हवे, कारण मूर्ती गेल्या आहेत आणि लेखाच्या अनेक ओळीही गेल्या आहेत. जे उरले आहे त्याची दुसरी प्रत कातळात कोठेही नाही.